गोल्डफिशची औषधपेटी

श्रोतेहो, देवनार म्हटले की बाहेरगावच्या माणसाला आठवते ते तिथले पशुवधगृह आणि बकरी ईदच्या सुमारास भरणारा बकऱ्यांचा मोठा बाजार. हे पशुवधगृह 1971 साली सुरू झाले. तिथे आलेले जनावर आजारी आहे की धडधाकट, हे पाहायला पशुवैद्य असतात. पण त्याच देवनारात एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या भांड्यात फिरणाऱ्या चार बोटे लांबीच्या माशाला बरे वाटेनासे झाले, तर त्याची नाडी कोणी पाहायची? त्याचा डॉक्टर म्हणजे घरातलीच माणसे. म्हणूनच घरी गोल्डफिश पाळणाऱ्याने औषधाची एक छोटी पेटी कशी भरावी आणि तीत काय मुळीच ठेवू नये, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

सुरुवात एका घडलेल्या गोष्टीने करतो. आमच्या इमारतीतल्या, चौथीत शिकणाऱ्या एका मुलीला वाढदिवसाला दोन गोल्डफिश मिळाले. वडिलांनी ते कुर्ल्याच्या बाजारातून आणले आणि सोबत एक गोल काचेचे भांडे घेतले. मुलगी मोठी कामसू. रोज सकाळी भांडे घासून स्वच्छ करी आणि नळाचे ताजे पाणी भरी. चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. वडील घाबरले. त्यांनी दुकानातून एक निळी बाटली आणली, एक पिवळी आणली. दोन्हींतले थोडेथोडे टाकले. गुण येईना, तेव्हा घरात उरलेली माणसाच्या औषधाची एक कॅप्सूल फोडून तीही पाण्यात मिसळली. सकाळी दोन्ही मासे उलटे तरंगत होते.

मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, आम्ही तीन तीन औषधं दिली, तरी कसे मेले? त्यांना झालं तरी काय होतं?"

मला खरे तेच सांगावे लागले. म्हटले, "बाळ, त्यांना रोग असा कुठलाच झाला नव्हता. त्यांना पाणी मानवलं नाही. आणि वरून औषधांचा मारा झाला."

आजारापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो असा. पाळलेले गोल्डफिश मरतात, त्यांतले फार थोडे खऱ्या साथीने मरतात. बहुतेक मरतात ते बिघडलेल्या पाण्याने, आणि त्यावर आपण प्रेमाने ओतलेल्या बाटल्यांनी. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली, तर आजचे बोलणे कारणी लागले असे मी म्हणेन.

आता तुम्ही म्हणाल, हे मुंबईकरांचे लाड. आम्हा गावच्या माणसांना त्याचे काय? पण गोल्डफिश आता तालुक्याच्या बाजारातही मिळतो आणि कितीतरी शाळांच्या वर्गात काचेची टाकी दिसते. शिवाय गोल्डफिश काही परका नाही. चीनमध्ये हजाराहून अधिक वर्षांपूर्वी साध्या करड्या माशातून निवडून निवडून हा सोनेरी मासा तयार झाला. तो मासा आपल्या रोहू, कटला आणि मृगळ यांच्याच कुळातला. तेव्हा ज्याच्या शेततळ्यात रोहू आहे, त्यालाही या पेटीतले बरेच काही उपयोगी पडेल.

पाणी हेच पहिले औषध

गाय गोठ्यात बांधली, तर शेण आपण रोज उचलून टाकतो. माशाचा गोठा म्हणजे त्याचे पाणी. तो त्यातच खातो, त्यातच श्वास घेतो आणि त्यातच त्याची घाण जाते. माशाच्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात उतरतो. उरलेले खाद्य कुजले की त्यात आणखी भर पडते. हा अमोनिया माशाचे कल्ले जाळतो.

निसर्गाने यावर तोड काढलेली आहे. पाण्यातल्या खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर डोळ्यांना न दिसणारे उपयोगी जंतू वस्ती करतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे काही जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते पुष्कळ सौम्य असते आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की निघून जाते. पण ही जंतूंची वस्ती एका दिवसात होत नाही. नवी टाकी मांडल्यापासून साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस नव्या टाकीतला मासा सर्वांत अधिक धोक्यात असतो. आमच्या त्या मुलीच्या भांड्यात फिल्टर नव्हता, आणि रोजच्या घासण्यामुळे भांड्याला ही वस्ती धरतच नव्हती. त्यातून नळाच्या पाण्यातला क्लोरीन रोज नव्याने माशांच्या कल्ल्यांना लागत होता.

म्हणून पहिली सूचना: गोल भांडे नको. दोन लहान गोल्डफिशांना निदान शंभर लिटरच्या आसपास पाणी, फिल्टर आणि हवेचा पंप हवा. आठवड्यातून एकदा पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलायचे, सगळे कधीच नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही; काढलेल्या टाकीच्याच पाण्यात पिळून घ्यायचा. एवढे केले, तर औषधपेटी महिनोन् महिने उघडावी लागणार नाही.

पहिला कप्पा: मोजमापाची साधने

औषधपेटीत पहिल्याने औषध ठेवायचे नाही. पहिल्याने मोजायची साधने ठेवायची. एक मोजपट्टी, एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा, सुई काढून टाकलेली दहा मिलिलिटरची सिरिंज, पाण्याचा थर्मामीटर आणि एक वही.

मोजपट्टी कशाला? टाकीत पाणी किती हे कळल्याशिवाय औषध किती हे कळत नाही. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिघांचा गुणाकार करा आणि हजाराने भागा. आले ते लिटर. समजा, टाकी 75 सेंटिमीटर लांब, 40 रुंद आणि पाणी 35 सेंटिमीटर उंच. गुणाकार 1 लाख 5 हजार, म्हणजे 105 लिटर. तळाशी खडे असतील तर पाणी त्याहून थोडे कमी. आपण 100 धरू. हा आकडा कागदावर लिहून टाकीच्या मागे चिकटवून ठेवा. घाईच्या वेळी अंदाजाने औषध ओतले जाते, ते या एका कागदाने टळते.

थर्मामीटर कशाला? गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. 18 ते 24 अंश सेल्सिअसमध्ये तो सुखात असतो. मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी सहज 30 अंशांवर जाते. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना साडेसातच. दुपारी मासा वर येऊन धापा टाकू लागला, तर पुष्कळदा त्याला औषध नको असते, हवा हवी असते. टाकी उन्हातून हलवा, झाकण थोडे उघडे ठेवा, हवेचा पंप जोरात करा. वीज जाते अशा ठिकाणी बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप ठेवलाच पाहिजे. त्याने जितके मासे वाचतात, तितके बाटलीतल्या औषधाने वाचत नाहीत.

याच कप्प्यात पाणी तपासण्याचा संच ठेवा. थोड्या पाण्यात थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. अमोनिया आणि नायट्राइट या दोन तपासण्या अत्यावश्यक. दोन्ही शून्य असायला हवेत. कुठलाही आकडा लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत गेलेला दिसला, तर त्याच दिवशी क्लोरीन काढलेले, तितक्याच तापमानाचे पाणी घालून निम्मे पाणी बदला आणि दोन दिवस खाद्य बंद ठेवा. धडधाकट मासा दोन-तीन दिवसांच्या उपासाने मरत नाही.

दुसरा कप्पा: पाणी निर्धोक करण्यासाठी

मुंबईचे नळाचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येते आणि शुद्ध करताना त्यात क्लोरीन मिसळतात. आपल्या आरोग्यासाठी तो हवाच. पण माशाच्या कल्ल्यांना तो सोसत नाही. तो काढायला सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात. जुने फोटोग्राफर याच खड्यांना 'हायपो' म्हणत. माशांच्या दुकानात तेच 'अँटिक्लोरीन' म्हणून मिळतात. 10 ग्रॅम खडे एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. नळाच्या 10 लिटर पाण्याला यातले 15 मिलिलिटर पुरे. तयार बाटली आणली असेल, तर तिच्यावरचे प्रमाण पाळा. हे जवळ नसेल, तर पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवले तरी क्लोरीन उडून जातो. मात्र बादलीवर मलमलीचे फडके बांधा, नाहीतर माशाच्या पायी डासांची पैदास व्हायची.

गावाकडच्या मंडळींनी इथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली: विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकली असेल, तर तोही क्लोरीनच. त्या दिवशीचे पाणी तसेच माशांना घालू नका. दुसरी: गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते माशांना देऊ नका. तुरटीने पाणी आम्लाकडे झुकते आणि तिच्यातला ॲल्युमिनियम कल्ल्यांना बाधतो. गढूळ पाणी निवळू द्या आणि वरचे गाळून घ्या. तिसरी: तांब्याच्या हंड्यात किंवा कळशीत भरून ठेवलेले पाणी आपल्याला चांगले, पण तांबे उतरलेले पाणी माशाला विष ठरू शकते. माशांचे पाणी प्लास्टिकच्या बादलीतच भरा. आणि ती बादली वेगळी असू द्या, तिला साबण लागता कामा नये. बोअरवेलचे पाणी असेल तर त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून ते निदान काही तास हवापंपाने खळबळत ठेवून मग वापरा.

तिसरा कप्पा: साधे मीठ

या पेटीतले सर्वांत गुणकारी औषध कोणते, असे विचाराल, तर मी मिठाच्या बरणीकडे बोट दाखवीन. भांडुप-मुलुंडकडच्या लोकांना मिठागरे नवी नाहीत. त्याच समुद्राचे स्वच्छ खडेमीठ इथे चालते. त्यात मसाला किंवा दुसरे काही मिसळलेले नसावे. आयोडीनच्या मिठाने मासा मरतो असे पुष्कळ जण सांगतात, पण त्यातला आयोडीन इतका अल्प असतो की घाबरण्याचे कारण नाही. मात्र एप्सम सॉल्ट म्हणून मिळते ते मीठ निराळे; दोन्हींची गफलत करू नका.

मीठ काय करते? गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले क्षार सतत बाहेर झिरपत असतात आणि ते राखण्यात त्याची ताकद खर्च होते. थोडे मीठ घातले की हा भार हलका होतो. नायट्राइट वाढले असेल, तर मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तर मीठ हा घरगुती, कमी धोक्याचा इलाज आहे.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ओळखायचा कसा? अंगावर आणि परांवर मिठाचे कण भुरभुरावे तसे ठिपके दिसतात आणि मासा खड्यांवर अंग घासतो. हा एका सूक्ष्म परजीवीचा उपद्रव. ठिपका दिसतो तेव्हा परजीवी कातडीखाली सुरक्षित असतो. तिथे कुठलेही औषध पोहोचत नाही. तो मोठा होऊन गळून पडतो, तळाला चिकटतो आणि एकाची शेकडो पिल्ले होतात. ती पिल्ले पाण्यात नवा मासा शोधत पोहतात, तेव्हाच ती औषधाने मरतात. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवायचे नाही, दोन आठवडे चालू ठेवायचे. पुष्कळ जण चौथ्या दिवशी थांबतात आणि दहाव्या दिवशी रोग दुप्पट होऊन परत येतो.

प्रमाण असे: लिटरला 3 ग्रॅम मीठ. आपल्या 100 लिटरच्या टाकीला 300 ग्रॅम. पण एकदम नाही. 100 ग्रॅम मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून हळूहळू घाला. बारा तासांनी दुसरे 100, आणि त्यानंतर बारा तासांनी तिसरे. या काळात मासा कलंडला किंवा फार बेचैन झाला, तर थोडे पाणी बदलून मीठ कमी करा. पाणवनस्पती असतील तर आधी काढून ठेवा, त्या मिठाने मरतात. आणि हे विसरू नका की मीठ वाफेबरोबर उडत नाही. आटलेले पाणी भरताना मीठ घालायचे नाही. मात्र 20 लिटर पाणी काढून नवे घातले, तर त्या 20 लिटरांचे 60 ग्रॅम घालायचे. दोन आठवडे झाले की नेहमीच्या पाणीबदलातून मीठ आपोआप उतरत जाते. रोज सवयीने मीठ घालण्याची मात्र गरज नाही.

इथे एक गंमत सांगतो. नर गोल्डफिशाच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या काठावर विणीच्या दिवसांत पांढरे बारीक दाणे येतात. ते रोगाचे नव्हेत, वयात आल्याचे लक्षण होय. दाणे तेवढ्याच जागी, रांगेत असतील आणि मासा खात-पीत हिंडत असेल, तर मिठाची बरणी खाली ठेवा. कितीतरी धट्टेकट्टे नर या गैरसमजापायी औषधात बुडवले जातात.

चौथा कप्पा: क्वचित लागणारे

मेथिलिन ब्लू हे निळे औषध अंगावर कापसासारखी बुरशी आली किंवा अंड्यांवर बुरशी धरली, तर उपयोगी पडते. पण ते मुख्य टाकीत कधीच ओतायचे नाही, कारण ते उपयोगी जंतूंना मारक ठरते. त्यासाठी तीस-चाळीस लिटरचा प्लास्टिकचा टब, छोटा हवापंप आणि वेगळी जाळी ठेवा. हा टब म्हणजे माशांचा दवाखाना. आजारी मासा त्यात ठेवायचा आणि बाजारातून आणलेला नवा मासाही तीन-चार आठवडे त्यातच ठेवून मग मोठ्या टाकीत सोडायचा. बहुतेक रोग घरात नव्या माशाच्या पावलांनी येतात. हा टब त्यांना उंबऱ्याबाहेर थोपवतो.

पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे पूर्वी विहिरीत टाकत ते जांभळे औषध, जाळी आणि पाणवनस्पती धुण्यासाठी चिमूटभर ठेवा. माशावर त्याचा प्रयोग करू नका. मिलिग्रॅममध्ये चूक झाली तरी कल्ले जळतात. आणि ही डबी ग्लिसरीनच्या बाटलीजवळ ठेवू नका. दोन्ही एकत्र सांडली तर आग लागते.

एक बोथट टोकाचा चिमटा असू द्या. माशाच्या अंगावर दोऱ्यासारखा लोंबणारा किडा किंवा वाटोळी, चपटी, पारदर्शक ऊ दिसली, तर मासा ओल्या मऊ कपड्यात धरून ती अलगद काढता येते. शेततळ्यातल्या रोहू-कटल्यावर हीच ऊ आणि हाच किडा मिळतो. म्हणून तळ्यातले शेवाळ किंवा वनस्पती हौसेने आणून टाकीत टाकू नये.

फुगलेल्या पोटाचा मासा वाकडा तरंगू लागला, तर लगेच बाटली शोधू नका. आखूड अंगाच्या, दोन शेपट्यांच्या जातींना हा त्रास वारंवार होतो. दोन दिवस उपास घाला, मग उकडून साल काढलेला मटाराचा दाणा कुस्करून द्या, आणि पुढे तळाशी बुडणारे खाद्य भिजवून द्या. पण अंग सुजून खवले पिकलेल्या अननसासारखे उभे राहिले, तर आतले अवयव निकामी होत आलेले असतात. त्यातून मासे क्वचितच उठतात.

पेटीत काय नसावे

आता महत्त्वाचे. माणसाची प्रतिजैविके, म्हणजे ॲंटिबायोटिकच्या कॅप्सूल, या पेटीत ठेवू नका. टाकीत फोडलेली कॅप्सूल माशाच्या अंगात किती जाईल याचा भरवसा नसतो. पण फिल्टरमधले उपयोगी जंतू तिने मरतात आणि अमोनिया चढतो. त्याहून वाईट हे की, अर्धवट मात्रेतून वाचलेले रोगजंतू निर्ढावतात, आणि ते पाणी आपण मोरीत ओततो. उद्या तेच औषध लेकराला लागू पडेनासे झाले तर? अशा औषधांचा निर्णय पशुवैद्याचा.

मॅलेकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिन ही दुकानात मिळणारी औषधेही नवख्याने लांबच ठेवावीत. फॉर्मेलिनच्या वाफा माणसालाही घातक. आणि शेततळ्यातल्या, खाण्याच्या माशांना मॅलेकाइट ग्रीन कदापि नको. ते मांसात टिकून राहते आणि अनेक देशांत त्यावर बंदी आहे.

डास मारण्याचा फवारा टाकीच्या खोलीत मारू नका. त्यातली औषधे माशांना अत्यंत विषारी असतात आणि हवापंप खोलीतली हवाच पाण्यात ओढून घेतो. घरात फवारणी व्हायची असेल, तर पंप तेवढा वेळ बंद करून टाकी ओल्या कपड्याने झाका.

स्वतःचीही काळजी घ्या. हाताला जखम असेल तर तो टाकीत घालू नका. माशांच्या पाण्यातल्या एका जंतूमुळे हातावर महिनोन् महिने न भरणाऱ्या गाठी येतात. अशी गाठ आली तर डॉक्टरांना घरी मासे असल्याचे आवर्जून सांगा. पेटीला कुलूप असावे आणि प्रत्येक बाटलीवर नाव, आणल्याची तारीख व मुदत लिहिलेली असावी.

शेवटची बाटली

सर्व करून मासा वाचत नाही, तळमळतो, अशी वेळ येते. त्याला जिवंतपणी गटारात टाकणे किंवा "देवाच्या हवाली" म्हणून तलावात सोडणे, ही दया नव्हे. बाहेर सोडलेला गोल्डफिश वाचला तर स्थानिक माशांना त्रास देतो आणि रोगी असेल तर रोग पसरवतो. दाढदुखीसाठी आपण ठेवतो ते लवंगेचे तेल माशाला गुंगी आणते. एका लिटर पाण्याला आठ-दहा थेंब, आधी छोट्या बाटलीत कोमट पाण्याबरोबर जोराने हलवून मग मिसळावे. मासा शांतपणे झोपतो आणि कल्ल्यांची हालचाल थांबते. त्यानंतरही अर्धा तास त्याला त्यातच राहू द्यावे. हे काम मोठ्या माणसाने करावे. पण मुलांपासून लपवू नये.

घरचा इलाज चालेनासा झाला, तर विचारायला जागा आहेत. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 सालापासूनचे आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था 1961 साली स्थापन झाली, आणि माशांचे आरोग्य हा तिथल्या अभ्यासाचा विषय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाचे कार्यालय असते. जाताना माशाचे छायाचित्र, पाण्याची बाटली आणि आपली वही न्या. वहीत पाणी कधी बदलले, तपासणीत काय आले, काय घातले, हे लिहिलेले असले की अर्धे निदान तिथेच होते.

गुरुजींना आणि बाईंना

वर्गात टाकी असेल तर ती शोभेची वस्तू राहू देऊ नका. घनफळाचे गणित फळ्यावर करण्यापेक्षा मुलांना मोजपट्टी देऊन टाकीवर करायला लावा. ग्रॅम, मिलिलिटर आणि टक्केवारी मिठाच्या बरणीतून शिकवता येते. रोजचे तापमान लिहून महिन्याचा आलेख काढता येतो. दर आठवड्याला दोन मुले 'पाणीप्रमुख' नेमा. मोजल्याशिवाय औषध नाही, ही एक सवय लागली, तरी तिचा उपयोग पुढे फवारणीच्या पंपाशी आणि स्वतःच्या तापाच्या गोळीशीही होईल.

इंग्लंडमध्ये 1956 साली जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा एक गोल्डफिश 1999 साली मेला, तेव्हा तो 43 वर्षांचा होता. सगळेच इतके जगत नाहीत. पण नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. चौथ्या दिवशी मरावे असे त्याच्या नशिबात लिहिलेले नसते.

आमच्या इमारतीतल्या त्या मुलीने वर्षभराने पुन्हा हट्ट धरला. या वेळी आधी टाकी आली, मग फिल्टर, मग मोजपट्टी आणि सर्वांत शेवटी मासे. पावसाळ्यात एकाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. वडील सवयीने दुकानाकडे निघाले होते. तिने त्यांना थांबवले. म्हणाली, "बाबा, आधी पाणी तपासू या. मग मीठ मोजू."

परवा तिने मला वही दाखवली. शेवटच्या पानावर लिहिले होते: "दिवस 14. ठिपके नाहीत. अमोनिया शून्य. आज 20 लिटर पाणी बदलले, मीठ घातले नाही. दोघेही जेवले."

श्रोतेहो, तुमच्या घरी किंवा शाळेत टाकी असेल, तर उद्या एवढेच करा: मोजपट्टी घ्या, टाकीतले पाणी किती लिटर ते काढा, आणि तो आकडा टाकीच्या मागे चिकटवा. तुमची औषधपेटी तिथूनच सुरू होते.